घाबरलेल्या माणसाची इंग्रजी

केतकी आपल्या नवऱ्याचे संदेश यंत्राकडून तपासून घेते हे मला कळलं, तेव्हा मी तिला चांगलंच झापलं. “अगं, नवरा आहे की संशयित?” असं विचारलं. ती हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता. मला ते दिसलं. मात्र तेवढ्यात नंदुरबारहून फोन आला आणि विषय तिथेच राहिला.

मी निर्मला बागूल, धुळ्याच्या हवाई रुग्णसेवा केंद्राची प्रमुख. सातपुड्यातल्या आरोग्य केंद्रांकडून निरोप आला की उडती रुग्णवाहिका पाठवायची, हे आमचं काम. चालक नाही, विजेवर चालते, आत एक रुग्ण आणि सोबतीला एक माणूस एवढीच जागा. अशा दोन रुग्णवाहिका आमच्याकडे आहेत आणि त्यातली एक कायम दुरुस्तीला पडलेली असते. म्हणजे आमच्यापुढचा खरा प्रश्न एकच असतो. दोघांनी एकाच वेळी हाक मारली, तर आधी कुणाकडे जायचं?

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर फोनवर ठरायचं. ज्याच्या ओळखीचा पुढारी, त्याची गाडी आधी. मी साध्या रस्त्यावरच्या रुग्णवाहिकांच्या काळापासून या खात्यात आहे. एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याला पित्त झालं म्हणून निघालेली गाडी मी पाहिली आहे, आणि त्या दिवशी जिच्यासाठी गाडी उरली नाही ती शिरपूरकडची मुलगीही पाहिली आहे. ती मुलगी मी विसरलेले नाही. म्हणून आमच्याकडे ‘ठाव’ आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. यंत्राला मेव्हणे नसतात.

हा ठाव केतकीने बनवलेला, आणि तो सांभाळायला ती आमच्याच केंद्रात नोकरीला. केतकी मूळची नाशिकची, पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकलेली, भाषाशास्त्रात डॉक्टरेट केलेली. तिची कल्पना तिने मला पहिल्याच दिवशी चहा पिता पिता समजावली होती, आणि माझ्यासारखीला समजली म्हणजे ती अवघड नाही.

इंग्रजीतला कुठलाही रुळलेला वाक्प्रयोग घ्या. त्याची राहायची जागा ठरलेली असते. ‘वन्स अपॉन अ टाइम’ मुलांच्या गोष्टीत राहतो. ‘ऑन द अदर हँड’ निबंधात आणि संशोधनाच्या लेखात. ‘ॲट द एंड ऑफ द डे’ मुलाखतींत आणि कंपन्यांच्या बैठकांत हमखास सापडतो, न्यायालयाच्या निकालात सहसा नाही. केतकीच्या गटाने वर्तमानपत्रं, निकालपत्रं, कादंबऱ्या, सरकारी पत्रव्यवहार, दवाखान्यातल्या नोंदी, मोबाइलवरच्या गप्पा असं अफाट लिखाण गोळा केलं आणि कुठला वाक्प्रयोग कुठल्या प्रकारच्या लिखाणात दर लाख शब्दांमागे किती वेळा येतो, हे यंत्राकडून मोजून घेतलं. त्यातून प्रत्येक वाक्प्रयोगाचा ठावठिकाणा तयार झाला. आता नवा मजकूर पुढे आला की यंत्र त्यातले वाक्प्रयोग कुठून कुठून आलेत ते बघतं. डबा उघडल्यावर वासावरून तो कुणाच्या घरचा ते आपण ओळखतो, तसंच हे.

आता याचा रुग्णवाहिकेशी संबंध काय? तर मोठमोठ्या शहरांतल्या इस्पितळांच्या लाखो नोंदी ठावाला वाचायला दिल्या. कुठला रुग्ण वाचला, कुठला दगावला, तेही सांगितलं. त्यावरून ठाव एक गोष्ट शिकला. डॉक्टर खरोखर घाबरलेला असला की त्याच्या लिहिण्यातून कचेरीची भाषा गळून पडते. वाक्यं तुटतात, गप्पांमधले शब्द येतात, ‘प्लीज’सुद्धा राहून जातं. उलट निवांत डॉक्टर सावकाश, रीतसर, कागदी इंग्रजीत लिहितो. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी ठरली की नाडी, रक्तदाब, प्राणवायू हे आकडे आधी बघायचे. आकड्यांवरून जे अतिगंभीर ठरतील ते लाल. दोन लाल एकदम आले आणि आकड्यांनी निवाडा होईना, तर मग भाषा बघायची. ठाव आल्यापासून आमच्याकडचे मृत्यू खरोखरच कमी झाले. हे मी नोकरी टिकवायला म्हणत नाही, माझी निवृत्ती जवळ आली आहे.

तर केतकीचा नवरा. डॉक्टर हेमकांत देवरे, साक्री तालुक्यातला, मराठी शाळेत शिकून डॉक्टर झालेला. दोन वर्षांपासून अक्राणीच्या डोंगरात मोजरापाड्याच्या आरोग्य केंद्रावर. मुलगा उंच, लाजाळू, आणि माझ्याशी बोलताना दर वाक्याला ‘मॅडम’ म्हणणारा. मोजरापाड्याच्या दरीत फोन लागत नाही. उपग्रहावरून छोटे संदेश पाठवायचं एक यंत्र केंद्रात आहे, त्यावर फक्त इंग्रजी अक्षरं उमटतात. तशीही या दोघांची लिहायची भाषा कॉलेजपासून इंग्रजीच. केतकीला मराठी बोलायला फर्डी येते, लिहायचा मात्र कंटाळा. त्याला इंग्रजी बोलायची धास्ती, पण तिच्यासाठी तो इंग्रजीत लिहायचा. प्रेमात माणूस काय काय करतो.

बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेने केतकीला वर्षभरासाठी बोलावलं होतं. तिने ते हेमकांतला कळवलं आणि विचारलं, जाऊ का? दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. ते तिने मला दाखवलं.

‘यू मे डू ॲज यू डीम फिट. आय हॅव नो ऑब्जेक्शन व्हॉटसोएव्हर.’

“नो ऑब्जेक्शन, मॅडम!” केतकी म्हणाली. “सोसायटीत कुत्रा पाळायला देतात तसं! बायको वर्षभर लांब चालली आहे आणि हा मला ना-हरकत दाखला पाठवतोय.”

त्याच दिवशी तिने त्याचे दोन वर्षांचे संदेश ठावात घातले. मग मला तो आलेख दाखवला. सुरुवातीच्या महिन्यांत हेमकांतची भाषा बहुतेक गप्पांमधली होती, थोडी प्रेमपत्रांमधली, क्वचित एखादं वाक्य कादंबरीत शोभेल असं. नंतर गप्पांची रेघ खाली उतरत गेली आणि सरकारी पत्रव्यवहाराची वर चढत गेली. शेवटचे तीन-चार संदेश तर जिल्हा परिषदेतून निघाल्यासारखे होते.

“यंत्र काय सांगतं ते मला कळतं, मॅडम,” ती म्हणाली. “मीच बनवलंय ते. या माणसाला माझ्याशी बोलायचं राहिलेलं नाही.”

“फोन करून विचार की.”

“लागत नाही.”

“मग जाऊन विचार. डोंगर काही पळून चालला नाही.”

“जाऊन काय विचारू? आकडे समोर आहेत.” तिचे डोळे भरून आले होते. “शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बंगळुरूला कळवायचंय. जाते म्हणून कळवून टाकते. तिथेच पुढे काही मिळालं तर बघते.”

पुढे काही मिळालं तर म्हणजे परत न येणं. न सांगता मला ते समजलं आणि वाईट वाटलं. दोन्ही पोरं मला आवडायची. पण दुसऱ्याच्या संसारात किती बोलायचं याला मर्यादा असते, निदान ऑफिसात तरी.

तो शुक्रवार उजाडला. ऊन असं की खिडकीला हात लावला तर चटका बसावा. एक रुग्णवाहिका दुरुस्तीला, एक तयार. दुपारी जेवणं आटोपतात न आटोपतात तोच दोन निरोप पाठोपाठ आले.

पहिला कुंडीपाड्याहून, डॉक्टर रोहन शिंपी यांचा. हा पुण्यात वाढलेला मुलगा, वर्षभरापूर्वी रुजू झालेला. मोटारसायकल दरीत गेली होती, चालवणाऱ्याच्या मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: ‘गाय इज क्रॅशिंग. नीड द बर्ड नाऊ. लाइक, नाऊ.’ म्हणजे पोरगा हातचा चाललाय, उडती गाडी आत्ताच्या आत्ता हवी.

दुसरा मोजरापाड्याहून. जमना नावाची बाळंतीण, बाळ सुखरूप, आईचा रक्तस्राव चालू, औषध दिलं आहे. खाली इंग्रजीत: ‘रिस्पेक्टेड मॅडम, विथ रेफरन्स टू द अबव्ह पेशंट, आय हंबली रिक्वेस्ट युवर गुड ऑफिस टू काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट. थँकिंग यू इन अँटिसिपेशन.’

दोन्ही लाल. नाडी दोघांचीही भराभर, रक्तदाबात उजवं-डावं करण्यासारखं काही नाही. मग ठावाने भाषा बघितली आणि क्षणात निवाडा दिला. शिंपींचा निरोप तातडीचा, देवऱ्यांचा निवांत. रुग्णवाहिका छतावरून उठली आणि कुंडीपाड्याच्या दिशेने निघाली. आमच्या कामात असं रोज होतं, त्यामुळे मी पुढच्या कामाला लागले.

केतकी तिच्या जागेवर बसून दुसरा निरोप वाचत होती. मग उठून माझ्या टेबलाशी आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मॅडम, रुग्णवाहिका मोजरापाड्याला वळवा.”

“का?”

“तो घाबरलाय.”

मी स्क्रीनवर परत वाचलं. “कोण, हेमकांत? यात कुठे दिसतं? नवऱ्याची काळजी वाटणं मी समजू शकते, पण—”

“त्याची आई गेली, तेव्हा मी दिल्लीत होते,” केतकी म्हणाली. शब्द एकमेकांवर आदळत होते. “तेव्हा त्याने मला काय लिहिलं माहीत आहे? ‘आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट माय मदर हॅज एक्सपायर्ड.’ बायकोला! मी तेव्हा त्याच्यावर चिडले होते. नंतर घरी पोचले तर हा माणूस ओट्याजवळ जमिनीवर बसलेला, दोन दिवस पोटात अन्न नाही. मॅडम, त्याचे रोजचे निरोप आठवा. ‘फीव्हर थ्री डेज, सेंडिंग बाय जीप.’ एका ओळीत काम. हा असं कधी लिहितो?”

मला आठवलं. हेमकांतचे नेहमीचे निरोप खरोखरच चार शब्दांचे असत. मी एकदा त्याला म्हटलंही होतं की, डॉक्टर, जरा ऐसपैस लिहा.

“माझी इंग्रजी मैत्रिणींशी भांडून आलेली आहे,” केतकी म्हणाली. “त्याची अर्ज लिहून आलेली आहे. त्याला इंग्रजीत कुणाकडे जीव तोडून काही मागायचं असेल, तर तो अर्जच करणार. तो दुसरं काय करणार?”

हे मला लगेच पटलं. कारण मीही मराठी शाळेतलीच. आठवीत आम्हाला सरांनी इंग्रजीत पहिली गोष्ट कुठली शिकवली असेल, तर रजेचा अर्ज. मग फी माफीचा अर्ज, मग दाखला मिळण्यासाठी अर्ज. गोष्ट नाही, गप्पा नाहीत. इंग्रजी म्हणजे वरच्या माणसाकडे हात जोडून मागायची भाषा, हे आमच्या अंगात तेव्हाच भिनलं. आजही बँकेशी भांडायला बसले की माझ्या हातून ‘आय बेग टू स्टेट’ लिहिलं जातं. राग जितका जास्त, तितकी मी नम्र होत जाते. ठावाला शिकवलेल्या त्या लाखो नोंदींत आमच्यासारखी माणसं किती असतील? शहरांतली बडी इस्पितळं होती ती.

पण हे समजणं वेगळं आणि रुग्णवाहिका वळवणं वेगळं. उडालेली रुग्णवाहिका वळवायची तर प्रमुखाची परवानगी लागते. आणि शहादा ओलांडला की बॅटरी दोन्हीकडे पुरत नाही, मग कुणालाच वळवता येत नाही. पडद्यावरचा ठिपका दोंडाईच्याच्या पुढे सरकला होता.

“केतकी,” मी म्हणाले, “तुझ्या नवऱ्याचा रुग्ण आहे म्हणून उठलीस ना?”

“हो,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाचा असता तर मला कळलंच नसतं.”

खोटं बोलली असती तर मी तिला जागेवर परत पाठवलं असतं. पण खरं बोलली, त्याने माझी अडचण वाढली. ओळखीच्या माणसासाठी रांग मोडायची नाही, याच एका गोष्टीसाठी मी हे यंत्र डोक्यावर घेतलं होतं. आता माझ्याच केंद्रातल्या बाईच्या नवऱ्यासाठी मी रांग मोडणार होते. कुंडीपाड्याचा तो पोरगा दगावला, तर त्याच्या आईला मी काय सांगणार? की बाई, इथल्या एका मॅडमचा नवरा दुसऱ्या गावात होता? मला शिरपूरकडची ती मुलगी आठवली.

“दोघांनाही विचारू,” मी म्हणाले. “सारखाच प्रश्न, दोघांनाही. आणि मराठीत.”

केतकीने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. ‘एकच रुग्णवाहिका आहे. तुमचा पेशंट तासभर थांबू शकतो का? मराठीत सांगा, मनात आहे तसं सांगा.’ दोन्हीकडे एकदमच पाठवलं.

ठिपका सरकत होता. वाट बघणं मला कधीच जमलेलं नाही. मी उगाच टेबलावरचे पेन सरळ करत बसले. केतकी उभीच होती.

आधी शिंपींचं उत्तर आलं. ‘रक्त थांबलंय, वरून घट्ट बांधलंय. सलाइन दोन्ही हातांना चालू आहे. खूप ओरडतोय, पण तासभर निघेल. दुसरीकडे जास्त असेल तर तिकडे पाठवा.’

त्या डॉक्टर पोराबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं. खोटं लिहिणं किती सोपं होतं त्याला.

मग मोजरापाडा. ‘नाही थांबू शकत. माझ्या हाताने दाबून धरलंय म्हणून आहे ती. हात काढला की जाईल. हे सिस्टरकडून लिहून घेतोय. लवकर या. पाया पडतो.’

केतकीने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी परवानगीचा अंगठा टेकवला. ठिपका शहाद्याच्या अलीकडे होता. तो जागेवर थांबल्यासारखा दिसला, मग डावीकडे वळला. यंत्राने मला तांबड्या अक्षरांत इशारा दिला की हा निर्णय क्रमवारीविरुद्ध असून त्याची चौकशी होईल. होऊ दे, म्हटलं.

डॉक्टर लोकांनी नंतर मला समजावलं ते असं. तरुण बाळंतिणीचं शरीर फार हट्टी असतं. रक्त जात राहिलं तरी रक्तदाब ते शेवटपर्यंत सांभाळून धरतं, आणि मग एकदम सोडतं. म्हणून आकडे फसवे होते. पुढची सगळी वाट हेमकांतने एक हात आतून आणि एक पोटावरून असा गर्भाशय दाबून धरून काढली, रुग्णवाहिकेत गुडघ्यावर बसून. धुळ्याच्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या टेबलावर दुसऱ्या डॉक्टरने हात लावला, तेव्हाच त्याने आपले काढले. बॅटरी बदलून रुग्णवाहिका लगेच कुंडीपाड्याला गेली. मोटारसायकलवाल्या पोराचा पायही वाचला.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मधे लुडबुड नको. माझी चौकशी झाली. समितीत तिघं होते. त्यातल्या एकाने केतकीला विचारलं, “तुम्ही पतीला झुकतं माप दिलंत असं का समजू नये?” ती म्हणाली, “साहेब, माप झुकलेलंच होतं. मी त्या माणसाला ओळखते म्हणून मला ते दिसलं. पण प्रत्येक डॉक्टरची बायको तुमच्या केंद्रात नोकरीला नसणार, म्हणून यंत्र सुधारायला हवं.” समितीतल्या बाईंना हसू आवरलं नाही. मला लेखी समज मिळाली आणि यंत्र सुधारायची परवानगीही मिळाली, दोन्ही एकाच लखोट्यात.

सुधारणा ऐकाल तर म्हणाल, हे आधीच का नाही केलं. वाक्प्रयोग जगात कुठे राहतो हे ठाव अजूनही बघतो. पण आता तो प्रत्येक डॉक्टरची रोजची भाषाही शिकून घेतो, सर्दी-खोकल्याच्या साध्या निरोपांवरून. मग तो डॉक्टर आपल्या नेहमीच्या भाषेपासून किती लांब गेला, ते मोजतो. कुणी घाबरला की शब्द टाकतो, कुणी घाबरला की अर्ज लिहितो. दिशा कुठलीही असो, लांब गेला की घंटा वाजते. जुने निरोप नव्या पद्धतीने तपासले, तेव्हा असे काही अर्ज सापडले ज्यांना आम्ही निवांत समजून मागे ठेवलं होतं. ते वाचणं सोपं नव्हतं. पण ते वाचले म्हणूनच आज धारगावची डॉक्टरीण ‘युवर काइंड कन्सिडरेशन’ लिहिते तेव्हा आमच्याकडे लोक जागेवरून उठतात.

हे झालं यंत्राचं. मला सांगायचं आहे ते त्या शुक्रवारच्या संध्याकाळचं.

ड्यूटी संपवून आम्ही दोघी इस्पितळात गेलो. जमनाला रक्त चढत होतं. ती शुद्धीवर होती आणि बाळ कुठे आहे म्हणून पावरी बोलीत सगळ्यांना दटावत होती. तिच्या सासूने बाळ उद्या जीपने आणायचं कबूल केलं होतं. सिस्टर म्हणाली की आता धोका नाही. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि केतकीच्या मागोमाग बाहेर आले.

हेमकांत बाकड्यावर बसला होता. शर्ट कुणाचा तरी उसना, हात मांडीवर उताणे टाकलेले. दोन्ही हात मनगटापर्यंत बधिर झाले होते, त्याला चहाचा कपही धरता येत नव्हता. मला बघून तो उठायला लागला.

“बसा हो,” मी म्हणाले, आणि पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसले. तिथून सगळं ऐकू येत होतं. उठून लांब जायला हवं होतं, पण पाय दुखत होते. आणि खरं तर मला ऐकायचंच होतं.

केतकी त्याच्या शेजारी बसली.

“बंगळुरूला आज कळवायचं आहे,” ती म्हणाली. “हेमकांत, जाऊ का मी?”

त्याने घसा साफ केला. “इफ यू फील दॅट—”

“मराठीत.”

तो थांबला. हाताच्या तळव्यांकडे बघत राहिला.

“नको जाऊस,” तो म्हणाला.

केतकीने त्याच्याकडे वळून बघितलं.

“म्हणजे, अडवणारा मी कोण? तुझं काम मोठं आहे. पण विचारलंस म्हणून सांगतो, नको जाऊस. दवाखाना बंद केला की रोज तुझ्याशी बोलावंसं वाटतं. लिहायला बसलो की वाटतं, आपण चुकीचं काहीतरी लिहू आणि ही आणखी लांब जाईल. मग मी फार विचार करून लिहितो. विचार करून लिहिलं की ते तसं होतं. तू गेलीस की परत यायची नाहीस, अशी मला भीती वाटते. दोन वर्षं वाटतेय.”

दोन वर्षं. म्हणजे तो आलेख खरा होता. वर चढणारी ती रेघ दुराव्याची नव्हती, भीतीची होती. पोराची धास्ती वाढत गेली तसतशी त्याची इंग्रजी नम्र होत गेली, आणि इकडे ही त्या नम्रतेला थंडपणा समजून झुरत बसली. मला दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटला.

केतकी रडत होती आणि हसतही होती. “माझं यंत्र म्हणालं की तुला माझ्याशी बोलायचंच नाही.”

“तू मला यंत्रात घातलंस?”

“घातलं. चुकले.” तिने नाक पुसलं. “मला जायचंय, हेमकांत. हे काम मला करायचं आहे. तिकडच्या यंत्रांतही हीच चूक असणार आणि ती कुणालातरी निस्तरायला हवी. पण वर्षभराने मी परत येणार आहे. सकाळपर्यंत हे मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. दर महिन्याला मोजरापाड्याला येईन. जीपने, आदळत आपटत. आता सांग.”

तो शब्द जुळवतोय असं मला वाटलं आणि मी मनात म्हटलं, बाबा रे, आता तेवढा अर्ज करू नकोस.

“मला फार वाईट वाटणार आहे,” तो म्हणाला. “तरी जा.”

केतकीने त्याचा बधिर हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट धरून चोळायला लागली.